तिसऱ्या कडव्यातला खोकला

मंगळवारी वीज जाते वडगावात.
आधी कोपऱ्यावरचे माग थांबतात, मग आमचे,
मग समोरच्या बोळातले,
आणि एवढं शांत होतं
की शेजारची तव्यावर भाकरी उलटते तेही कळतं.
माझं रेकॉर्डिंग होतं ते तेवढ्याच वेळात.

सातव्वा कांड्या भरत बसलेली.
तिच्या रहाटाला वीज लागत नाही, तिलाही.
मोबाईल साबणाच्या डबीला टेकवला,
म्हटलं, म्हणा.
"कुणाला ऐकवूलालास रे?"
असतात की माणसं.
"काम नसलेली न्हवं?"
आणि लागली म्हणायला:

*माग हाले माझ्या दारी, हाले आडावर दोरी…*

तिसऱ्या कडव्यात
*तिसरा धागा माहेरचा ग* म्हणाली
आणि खोकली.
चाळीस वर्षं सुताची कुसं गिळलेला खोकला,
कोरडा, दोनदा.
मग तुटलेला ताणा सांधावा तसं
*रंग त्याचा न्हाई गेला*
तिथूनच उचललं.

रात्री टाकलं. सकाळी सतरा जणांनी ऐकलेलं.
शहापूरचा एक, आता शारजात क्रेन चालवतो,
त्यानं विचारलं, मागं कुकर कुणाचा?
निपाणीची एक बाई म्हणाली, चुकलं,
आमची आई "आडावर" नव्हती म्हणत, "माडीवर" म्हणायची.
त्यावर दोन दिवस भांडण.
एकानं कळवलं, खोकला काढता येतो,
ॲप आहे, फुकट.

बसलो एका रात्री.
पडद्यावर आवाजाची रेघ,
तिच्यात बाभळीच्या काट्यांसारखे दोन काटे.
काढले तर रहाटही जायचा.
ठेवले.
तत्त्वबित्त्व काही नाही, जमलं नाही मला.

सातव्वानं एकदाच ऐकलं,
कुणाचा फोन आल्यासारखा कानाला लावून.
"कोण गं ही बया? लई घाईत म्हणूलालीया."

मार्गशीर्षात गेली.
वीज होती त्या दिवशी.
आम्ही बटण बंद केलं,
मग कोपऱ्यावरच्यानं, मग बोळातल्यांनी.

उगादीच्या सुमारास अडिवेप्पाचं आलं,
यमकनमर्डीहून. ऊस ओढतो ट्रॅक्टरवर.
इंजिन बंद करून, ट्रॉलीच्या सावलीत,
काकाची जुनी चौडकी मांडीवर.
चाल तीच. शब्द त्याच्या आईचे, कन्नडमधले:
माग नाही, जातं आहे,
आड नाही, उंबरा.
पण तिसऱ्या कडव्यात "तवरु" आला, माहेर,
आणि तिथं तो थांबला.
रिकाम्या जागेत तार नुसती
डुंग, डुंग.
मग पुढं.

फोन केला. माझं कन्नड बाजाराएवढंच:
अल्ली याके निंत्री?
तो त्याच्या मराठीत:
"तुमच्यात तसंच हाय की.
माहेर म्हटल्यावर थांबायचं."
म्हटलं, अहो, ते थांबणं नव्हे.
केम्मु. खोकला होता म्हातारीचा.
पलीकडं बराच वेळ काही नाही.
मागून कुणीतरी बैलाला हाकललं.
मग म्हणाला,
"इरली बिडरी."
राहू दे.

आता परवा कडोलीच्या शाळेतलं कुणी पाठवलं.
गॅदरिंग, मागं जरीचा पडदा,
आठ मुली, दोघींच्या वेण्या सुटलेल्या.
शब्द आमचे, ठेका अडिवेप्पाचा.
*तिसरा धागा माहेरचा ग,*
आणि बाईंनी हात वर धरला,
दोन बोटं दुमडली,
एक. दोन.
कुणी खोकलं नाही.
आठही तोंडं उघडी, वाट बघत.

मंगळवार नव्हता.
भोवती सगळे माग चालू,
हेडफोन कानात घट्ट दाबलेला,
आणि नेमक्या त्या दोन मात्रांत
मलाच ठसका लागला.

कापूस असणार.
कारखान्यात उडतोच.